न दुखणारी गाठ : मान, स्तन आणि काखेची तपासणी



खान्देशात ओपीडीत बसणाऱ्या आम्हा लोकांना एक वाक्य फार वेळा ऐकू येतं. "दुखस नही, मंग दवाखानामा कसाले जाऊ?" साक्रीकडची मावशी असो की शिरपूरची, अर्थ तोच. गाठ हाताला लागून सहा-सहा महिने झालेले असतात. मधे कापसाची वेचणी येते, मग लग्नसराई, मग आखाजीला लेकी माहेरी येतात. गाठ दुखत नाही, म्हणून तिचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आजचं आमचं बोलणं या एका वाक्याविषयी आहे.

आधी गाठ येते कशी ते बघू. रक्तवाहिन्यांप्रमाणेच शरीरात बारीक नळ्यांचं आणखी एक जाळं असतं. त्यातून वाहणारं पाणी गाळणाऱ्या ज्या छोट्या ग्रंथी, त्या लसीका ग्रंथी. मानेत, काखेत, जांघेत त्या दाटीने असतात. निंदणी करताना पायात काटा भरतो आणि दोन दिवसांनी जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला माहीत आहे. तसंच दाढ किडली की जबड्याखाली गाठ येते. प्रत्येक ग्रंथीचं आपलं एक शिवार असतं. म्हणून गाठ सापडली की डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत, तिचं शिवार तपासतात. जबड्याखाली गाठ असेल तर तोंड उघडायला लावतात, काखेत असेल तर स्तन आणि हात बघतात.

आता दुखण्याचा हिशोब. जंतुसंसर्गाची गाठ बहुधा दुखते, मऊ असते, बोटाखाली सरकते आणि संसर्ग बरा झाला की दोन-तीन आठवड्यांत ओसरते. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. ती कडक लागते, वाढत जाते, पुढे एका जागी चिकटून बसते. म्हणजे जिला आपण घाबरतो ती बऱ्याचदा साधी निघते आणि जिच्याकडे दुर्लक्ष करतो ती दाखवायची असते. तिसरा प्रकार गंडमाळेचा. मानेत दोन-चार गाठी एकमेकींना चिकटून येतात, कधी फुटून वाहतात. हा बहुतेक वेळा ग्रंथींचा टीबी असतो. तो कोणाचा शाप नाही. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि कोर्स पूर्ण केला की तो बरा होतो.

तपासणीत नेमकं काय करतात हे माहीत असलं की संकोच कमी होतो. मान तपासताना डॉक्टर बऱ्याचदा पेशंटच्या मागे उभे राहतात. बोटांच्या पेरांनी हनुवटीखाली, जबड्याखाली, कानाच्या पुढे-मागे, डोक्याच्या मागच्या बाजूला, मग मानेच्या दोन्ही कडांनी खाली कॉलरबोनच्या वरच्या खळग्यापर्यंत चाचपतात. या खळग्यातली गाठ कधीच साधी समजू नये. तिचं मूळ छातीत किंवा पोटातही असू शकतं. मग घोटभर पाणी गिळायला सांगतात. गळ्याच्या पुढची गाठ गिळताना वर सरकली तर ती बहुधा थायरॉइडची, म्हणजे गलगंडाची. शेवटी तोंड. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, आपलीच तीन बोटं उभी मावणार नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड, हे सगळं दाखवायचं. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खिशातली पुडी अजून गेलेली नाही. पुरुष मंडळींनी हे विशेष ऐकावं.

स्तनांची तपासणी आधी डोळ्यांनी होते : हात खाली, हात वर, हात कमरेवर. कातडीला खळी पडते का, बोंड आत ओढलं गेलंय का, रक्त येतं का, हे बघतात. मग मधल्या तीन बोटांच्या पेरांनी छोटी वर्तुळं करत, आधी हलक्या आणि मग खोल दाबाने, कॉलरबोनपासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत एकही पट्टा न सोडता तपासतात. काख विसरायची नाही. पाळी चालू असलेल्या बाईने पाळी सुरू झाल्यापासून आठ-दहा दिवसांनी यावं, तेव्हा स्तन मऊ असतात. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात.

"नुसत्या हाताने काय कळणार?" असं विचारतात. याचं उत्तर आपल्याच राज्यात मिळालं आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. निम्म्या गटात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. त्या डॉक्टर नव्हत्या. २०२१ साली वीस वर्षांचे निकाल आले. तपासणीच्या गटात पुढच्या टप्प्यावर सापडलेले कर्करोग ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही सांगितलं पाहिजे. उलट चीनमधल्या शांघायला सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांच्या अभ्यासात नुसतं घरच्या घरी स्वतः तपासायला शिकवून मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून आपल्या शरीराची ओळख ठेवायचीच, पण शिकलेल्या हाताकडून तपासून घ्यायचं.

त्यासाठी लांब जायला नको. तीस वर्षांवरच्यांसाठी तोंडाची, आणि स्त्रियांसाठी स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी कार्यक्रमातच आहे. आशाताई फॉर्म भरायला घरी येतात, तेव्हा "मला काही नाही" म्हणून त्यांना परत पाठवू नका. तपासणी बाईनेच करावी असं वाटत असेल तर तसं मोकळेपणाने सांगा. गाठ निघाली आणि सुई टाकून तपासायला सांगितलं तर पळून जाऊ नका. सुईने रोग पसरत नाही. उशिराने मात्र पसरतो.

तर हिशोब सोपा ठेवू. तीन आठवडे राहिलेली गाठ, दुखो की न दुखो, दाखवायची. स्तनातली नवी गाठ आणि कॉलरबोनवरची गाठ त्याच आठवड्यात दाखवायची. आणि यंदा आखाजीला लेक माहेरी आली की झोक्यावर बसल्या बसल्या माय-लेकींनी एकमेकींना एवढं एक विचारायचं. कोणी म्हणालं "दुखस नही", तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा.