भट्टीवर नवशिक्यांना जागा हवी

फाल्गुन सरू लागला की पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या डोंगरउतारांवर पिकल्या बोंडूंचा उग्र गोड दरवळ पसरतो आणि उन्हाळ्याच्या तीन महिन्यांपुरत्या काजूच्या भट्ट्या पेटतात. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेले हे झाड आपण केव्हाच आपलेसे करून घेतले. माडाच्या सुरेपासून मद्य गाळण्याची विद्या येथे होतीच. तीच पुढे काजूच्या रसाला लागू झाली. या विद्येचा सरकारदरबारी अलीकडे बराच सन्मान झाला आहे. २००९ साली काजू फेणीची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद झाली, २०१६ साली राज्य सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला आणि २०२१ साली स्वतंत्र फेणी धोरणही आले. परंतु ज्याला ही विद्या नव्याने शिकावयाची आहे अशा तरुणाने कोणाच्या दारात जावे, याचे उत्तर या सन्मानांतून मिळत नाही.

भट्टीचे काम दिसते तेवढे आडदांड नाही. पहिला धडा बागेतच मिळतो. बोंडू झाडावरून तोडावयाचा नाही, आपणहून गळालेला वेचावयाचा. अर्धकच्च्या फळाचा तुरटपणा पुढे कोणत्याही उपायाने जात नाही. बी पिळून काढल्यावर फळे कातळात कोरलेल्या कुंडीत पायांनी तुडवितात, आणि उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर दगडाचे वजन ठेवतात. त्यातून थेंबथेंब झिरपणारा स्वच्छ रस तो निरो. तो ताजा पिण्याची मौज ज्याने घेतली आहे त्याला वेगळे सांगावयास नको. तुडवून निघालेला रस मडक्यांत, किंवा अलीकडे प्लास्टिकच्या पिंपांत, दोन-तीन दिवस आंबतो. त्यात बाहेरचे किण्व घालीत नाहीत, साखर नाही, पाणीही नाही. फळाच्या सालीवर आणि हवेत जे सूक्ष्मजीव असतात तेच हे काम करतात. म्हणूनच भांड्याच्या स्वच्छतेला इतके महत्त्व आहे. धुण्यात हयगय झाली की रसाचे आम्ल होते आणि सगळी मेहनत वाया जाते. रसाचे बुडबुडे कधी थांबले, वास कधी पालटला, हे घड्याळ पाहून कळत नाही. ते नाकाला कळावे लागते आणि नाक तयार व्हावयास दोन-तीन हंगाम लागतात.

पुढे भाण चुलीवर चढते. आंच मंद आणि एकसारखी हवी. लाकडे घाईने सारली तर रस उतू जाऊन थेट नळीत शिरतो किंवा तळाला करपतो, आणि करपट वास फेणीला कायमचा चिकटतो. वाफ नळीतून लावणीत उतरते व थंड पाण्याच्या स्पर्शाने तिचे पाणी होते. पहिल्या गाळण्यात मिळतो तो हुर्राक, शेकडा पंधराच्या आसपास मद्यार्काचा, हंगामातच प्यावयाचा. हुर्राकात आंबलेला रस मिसळून तो पुन्हा गाळला की फेणी होते. तिचा मद्यार्क शेकडा बेचाळीसच्या पुढे असतो. फेणी हे नाव ‘फेन’ या शब्दावरून आले असे मानतात. आज कस मोजावयास काचेचे मापक आहे. तरीही जुना भट्टीकार बाटली हलवून फेसाचे मणी किती वेळ टिकतात हेच आधी पाहतो.

मद्याविषयी अग्रलेख लिहावा काय, असे आमच्या काही सोवळ्या वाचकांना वाटेल. फेणी प्यावी असे आम्ही कोणास सुचवीत नाही. परंतु राखणदाराला सूर किंवा फेणी वाहणाऱ्या समाजाने ती गाळणाऱ्याच्या कसबाकडे तुच्छतेने पाहावे, हे आम्हांला दांभिकपणाचे वाटते. या भट्ट्यांवर राबणारी कुटुंबे ख्रिस्ती आहेत तशी हिंदूही आहेत. त्यांची शिकलेली मुले पणजी, म्हापशाच्या नोकऱ्यांत गेली, आणि बाप थकला की भट्टी थंडावते. मग कोणी रसात साखर ढकलतो, कोणी औद्योगिक मद्यार्काची मिसळ करतो, आणि बाटलीवरचे नाव तेवढे फेणीचे राहते.

अमेरिकेचे उदाहरण येथे पाहण्याजोगे आहे. दारूबंदी उठल्यानंतरही तेथे घरी बिअर करण्यास कायद्याने वाव नव्हता. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्या वापरापुरती, विक्रीसाठी नव्हे, ठराविक मर्यादेत बिअर करावयास करमुक्त मोकळीक मिळाली. घरच्या पातेल्यावर शिकलेल्या या हौशी मंडळींतील कित्येकांनी पुढे छोटे कारखाने काढले, आणि मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती गेलेल्या त्या धंद्यात पुन्हा चवींची विविधता आली.

अर्थात बिअर आंबवून होते, फेणी गाळावी लागते. उघड्या चुलीवर ज्वालाग्राही वाफेशी खेळ आहे, आणि १९६४ च्या अबकारी कायद्याखाली परवान्याविना मद्य गाळणे हा गुन्हाही आहे. म्हणून घरोघर भाण चढवू द्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. नवशिक्याची जागा परवानाधारकाच्या भट्टीवरच आहे. सरकारने तेथे त्याला हंगामापुरता शिकाऊ परवाना द्यावा, शिकविणाऱ्या भट्टीकाराला शुल्कात सूट द्यावी, आणि रसाच्या परीक्षणाचे काम जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी सोपवावे. यासाठी नवे महामंडळ नको, नवी इमारतही नको. अबकारी खाते हंगामापूर्वी काजूच्या झोनांचा लिलाव करतेच. त्या अटींत, बोली जिंकणाऱ्याने निदान एक तरुण शिकाऊ म्हणून भट्टीवर ठेवावा, एवढे एक कलम येत्या वर्षी घालून पाहावे.