इसबाची खाज आणि मजुराचा खिसा

अकोल्याचा उन्हाळा काय असतो ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक! पारा 45 अंशांवर चढतो, घामाने अंग भिजते आणि ज्याला इसब आहे त्याची रात्र खाजवण्यात जाते. अमरावती-अकोल्याच्या आमच्या वस्त्यांत कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागे खाजवून रक्त काढलेली लेकरे आम्ही पाहतो. दवाखान्यात न्यायचे तर आईची रोजी बुडते. मग कामावरून परतताना ती मेडिकलवर उभी राहते, “भाऊ, खाज बसाचं मलम द्या ना.” लुटीची सुरुवात इथूनच होते.

हाती पडते त्या ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधांची खिचडी असते. जोरकस स्टेरॉईड, बुरशीचे औषध आणि जंतुनाशक. स्टेरॉईड आमचे वैरी नाही. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस लावले तर भडकलेल्या इसबावर तेच खरे औषध आहे. पण ती खाज गजकर्णाची असेल तर दोन दिवस लाली दबते आणि खालून बुरशी पसरत जाते. चेहऱ्यावर महिनोन् महिने चोपडले तर कातडी पातळ होते. म्हणूनच 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत टाकली. कायदा झाला, पण चिठ्ठी मागणारा दुकानदार आम्हाला तरी क्वचितच भेटला.

मग गरिबाने करायचे काय? इसबाच्या कातडीत ओलावा टिकत नाही, हे मूळ दुखणे. तो टिकवायला महागडी बाटली लागत नाही. इंग्लंडमध्ये 550 मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम अशा चार प्रकारांची तुलना झाली. 2022 साली निकाल आला की, चारांपैकी कोणताही प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस नाही. तेव्हा वास नसलेली साधी पेट्रोलियम जेली घ्या. उन्हाळ्यात दिवसा ती चिकट वाटली तर शुद्ध खोबरेल चालेल. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत आटोपा. साबण काख, जांघ आणि पायांपुरताच. अंग टिपून घ्या आणि ते ओलसर असतानाच जेली लावा. खाज नसेल त्या दिवशीही दोनदा लावायची, म्हणजे इसब कमी वेळा भडकतो आणि औषधाचा पैसा वाचतो. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉईड मलम तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढे घेतले की दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. त्याहून जास्त चोपडणे म्हणजे पैसा वाया!

आमच्याकडे पाण्याचाही फेरा आहे. दर्यापूर, अकोट ह्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात हापशीचे पाणी खारट आणि जड. साबणाला फेस येत नाही, म्हणून तो जास्त घासला जातो आणि कपड्यात, कातडीवर राहतो. पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या नादी मात्र लागू नका. इंग्लंडातच 336 मुलांवर तेही तपासले गेले आणि 2011 साली दिसले की, त्या यंत्राने इसबात जास्तीचा फरक पडत नाही. साबण-पावडर कमी वापरा, कपडे दोनदा खळबळा. शेतमजुराचे तोंड, मान आणि हात वारंवार चिडत असतील तर गाजरगवतावर संशय घ्या. गवंड्याचे हात चिडत असतील तर सिमेंटवर. तो स्पर्श तुटल्याशिवाय कोणतेही मलम पुरे पडत नाही.

आणि पथ्य! अंडे बंद, दूध बंद, वांगे बंद. बहुतेकांचा इसब खाण्याने होत नाही. डॉक्टरांना न विचारता आधीच अर्धपोटी असलेल्या लेकराच्या ताटातले अंडे काढणे म्हणजे एका दुखण्यावर दुसरे लादणे होय.

पू आला, ताप चढला, दुखरे फोड उठले तर मात्र घरी बसू नका. चट्टा बधिर असेल तर तो इसब नव्हे. कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, त्याचे औषध मोफत मिळते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत करण्यात आले. तेव्हा अमरावतीचे इर्विन त्यातलेच होते. अकोल्यात वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. पण तालुक्याच्या मजुराला तिथवर जायला एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. म्हणून आमची मागणी साधी आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस त्वचेचा डॉक्टर बसवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी जेली व मलम बारमाही ठेवा. ही भीक नाही, हा हक्क आहे.

शेवटी एक. इसब लागट नाही. तरीही असे लेकरू शाळेत वेगळे बसवले जाते आणि कधी कधी आमच्याच घरात त्याचा पेला वेगळा ठेवला जातो. स्पर्श नाकारला जाणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवावे? अंगभर फोड आलेल्या तिस्स भिक्खूला सोबत्यांनी टाकले, तेव्हा तथागतांनी स्वतः पाणी तापवून त्याला आंघोळ घातली, त्याचे चीवर धुऊन वाळवले. त्या लेकराला जवळ घ्या. उपचाराची सुरुवात तिथूनच होते, आणि त्याला पैसा लागत नाही.