निवासी मोटारीच्या टपावरील सौरपट्ट

भिलाईत भर उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. मोटारीच्या टपाला चिकटवलेला लवचीक सौरपट्ट तेव्हा ७५ अंशांपर्यंतही तापू शकतो. सौरपट्टावर लिहिलेली शक्ती मात्र २५ अंशांवर मोजलेली असते. त्यापुढे दर अंशागणिक सिलिकॉनच्या घटांची शक्ती सुमारे ०.४ टक्क्याने घटते. म्हणजे १०० वॅटचा पट्ट अशा दुपारी फार तर ८० वॅट देईल. चौकटीवर बसवलेल्या काचेच्या पट्टाखाली हवा खेळते. तो कमी तापतो व अधिक टिकतो, पण जड असतो. म्हणून टप सपाट व भक्कम असल्यास काचेचाच पट्ट निवडावा. वक्र टपावर लवचीक पट्ट बसवावा. मात्र त्याखाली पोकळ पन्हळींचा प्लास्टिकचा तक्ता घालून हवेला वाट ठेवावी. पोलादनगरीत पट्टावरील धूळ वेळोवेळी पुसणेही तितकेच अगत्याचे आहे.