वेगाचा काटा बाईच्या पुढ्यात

मैत्रिणींनो, घरातली जुनी वस्तू म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? आजीची पैठणी, तांब्याचा बंब, सागवानी पाळणा. त्या कशा जपायच्या हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते मात्र एका जुन्या मोटारीबद्दल. ‘हा तर पुरुषांचा विषय’ असं म्हणून पान उलटू नका हं! जुनी मोटार सांभाळायची तर जागा, पैसा आणि निगा अशा तीन गोष्टी लागतात, आणि ह्या तिन्हींचा हिशेब शेवटी आपल्याच पदरात पडतो.

आमच्याकडची गाडी आहे १९४८ सालची एम. जी. टी. सी. दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी. आमचे आजेसासरे गिरगावात डॉक्टर होते. मायदेशी परत निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून त्यांनी ती घेतली आणि वाडीतल्या तळमजल्याच्या गाळ्यात ठेवली. पुढे मामंजींनी ती चालवली, जपली. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा आधी गाडीला हळदकुंकू लागलं आणि मग मला, असं आमचे ‘हे’ अजूनही चेष्टेनं सांगतात.

एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. मूळचं हे ऑक्सफर्डचं गॅरेज. पुढे जवळच्या ॲबिंग्डन गावी कारखाना झाला. दुसरं महायुद्ध संपता संपता, १९४५ साली त्यांनी टी. सी. बाजारात आणली आणि १९४९ पर्यंत अशा सुमारे १०,००० गाड्या बनवल्या. पहिल्या गाडीच्या चासीला नंबर दिला ०२५१. का, तर कारखान्याचा टेलिफोन नंबर होता २५१! इंजिन १२५० सी. सी.चं. वरून पत्रा दिसतो, पण आतला सांगाडा चक्क ॲशच्या लाकडाचा. म्हणजे गंजाची भीती आहेच, शिवाय कसर आणि बुरशीचीही. पेट्रोल किती उरलंय ते दाखवणारा काटा नाही. संपत आलं की एक छोटासा दिवा लागतो, एवढंच.

आणि गंमत ऐका. ह्या गाडीत चालवणाऱ्याच्या समोर इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी असते, आणि वेग दाखवणारी तबकडी असते शेजारी बसणाऱ्याच्या समोर! आमच्या सासूबाई जवळजवळ चाळीस वर्षं त्या शेजारच्या जागेवर बसल्या. “तुझे मामंजी गाडी हाकायचे आणि मी आकडा वाचायची. चाळीसच्या वर गेला की नुसतं खाकरायचं,” असं त्या सांगतात. (हे चाळीस मैल, बरं का. किलोमीटर नव्हेत.)

आपल्या मुंबईला वेगवान गाड्यांचं वेड काही नवं नाही. जे. आर. डी. टाटा तरुणपणी इथल्या रस्त्यांवरून बुगाटी पळवत. एका अपघाताच्या प्रकरणात ते जॅक विकाजी नावाच्या वकिलांकडे गेले, तिथे वकिलांच्या पुतणीशी, थेल्माशी ओळख झाली आणि डिसेंबर १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं. जे. आर. डीं.च्या आई सुझान ह्यांनी तर १९०५ च्या सुमारास स्वतः मोटार चालवली आणि मोटार चालवणारी भारतातली पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव सांगतात. तेव्हा हा विषय बायकांचा नाही, असं कोण म्हणेल?

मूळ म्हणजे काय?

जुन्या गाड्यांच्या जगात ‘ओरिजिनल’ ह्या शब्दाला फार मान आहे. चकचकीत रंगवलेली गाडी आणि मूळ गाडी ह्यात फरक आहे. नवा रंग कितीही वेळा देता येतो. कारखान्यातला रंग मात्र एकदाच मिळतो. तो खरवडला की गेला. पैठणीचा काठ काळवंडला म्हणून आपण तो उसवून नवा काठ लावला, तर साडी नेसता येईल. पण ती आजीची पैठणी राहील का? तसंच आहे हे.

आपल्याकडे मूळ गाड्या कमी का राहिल्या, त्यालाही कारण आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं आली. सुटे भाग मिळेनात. मग मेकॅनिक लोक बिचारे करणार काय? कुणी ॲम्बॅसडरचं इंजिन बसवलं, कुणी फियाटचं. गाडी चालती राहिली, पण पोटातून दुसरीच झाली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. घरोघरी असंच चालत होतं.

आता कायद्यानंही ह्या मूळपणाची दखल घेतली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी खास नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि तिची चासी, बॉडी किंवा इंजिन ह्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. अशा गाडीच्या नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही. ए.’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,०००, आणि मुदत १० वर्षं. मात्र ही गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन आणि पेट्रोल किंवा दुरुस्तीसाठी नेणं, एवढ्यालाच परवानगी.

विकायची की ठेवायची?

हा प्रश्न आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी उभा राहिला. वाडीचा पुनर्विकास ठरला. आम्ही दादरला भाड्याच्या जागेत आलो. नव्या इमारतीत गाड्या यंत्रानं एकावर एक चढवायच्या. तिथे ही म्हातारी कुठे मावणार? त्यातच एक गिऱ्हाईक चालून आलं. रक्कम चांगली होती. पण त्याचा बेत असा, की गाडीला लालभडक रंग द्यायचा, आत नवं इंजिन टाकायचं आणि लग्नाच्या वरातींना भाड्यानं द्यायची.

‘ह्यां’चं मन डळमळलं होतं. मुलीचं शिक्षण पुढे आहे. त्यात चूक काय? माझंही नुसत्या भावनेवर चालणार नव्हतं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, पगार बेताचा. एका रविवारी वही घेऊन बसले. परळला एका जुन्या गाळ्यात गाडीपुरती जागा भाड्यानं मिळत होती. भाडं, विमा, वर्षाचं तेलपाणी, असं सगळं मांडलं. माझ्या पगारातून ते जेमतेम निघत होतं. एक भिशी बंद करावी लागली आणि सहलीचा बेत पुढे ढकलावा लागला. सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, “विकायची तर विका. पण जशी आहे तशी ठेवील त्याला विका. रंगवून नाचवणार असेल तर मला सांगूसुद्धा नका.” त्या वाक्यानं माझा निर्णय झाला. भाडं मी भरते. मुलीच्या फीसाठी पुढे खरंच गरज पडली, तर जाणकार माणसालाच गाडी द्यायची, असंही आम्ही ठरवून ठेवलं आहे.

भाडं भरायचं तर चालवायला का शिकू नये? शिकले! पहिला गिअर टाकताना गाडी पूर्ण उभी हवी, नाहीतर दात करकरतात. ब्रेक पायात सगळा जोर आणून दाबावा लागतो, म्हणून पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायचं. वळताना हात बाहेर काढून खूण करायची. रविवारी पहाटे, लालबागच्या पुलाखाली वर्दळ सुरू व्हायच्या आत, आमची पेट्रोल भरायची फेरी निघते. सासूबाई शेजारी. आकडा त्याच वाचतात.

एक सूचना मात्र कळकळीची. अशा गाडीत पदर किंवा ओढणी मोकळी ठेवू नका. दारं खाली कापलेली असतात आणि चाकं तारांची. प्रसिद्ध नर्तिका इझाडोरा डंकन १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरी अशाच उघड्या गाडीतून जाताना गेली. गळ्यातला लांब स्कार्फ चाकात अडकला. आम्ही दोघी पदर कमरेला घट्ट खोचूनच बसतो.

निगा कशी ठेवाल?

तुमच्या घरी एम. जी. नसेल, पण सासऱ्यांची फियाट, वडिलांची पद्मिनी किंवा जुनी स्कूटर असेल. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनीच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतून गेल्या. आता घरोघरच्या उरल्यासुरल्या गाड्यांनाच मोल येणार. त्यांच्यासाठी ह्या चार गोष्टी:

१. झिजणारं बदला, बाकीचं जपा. टायर, रबरी नळ्या, पट्टे, ब्रेकचे भाग ह्यांत जिवाची जोखीम असते. ते नवेच हवेत. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यानं जुनं रबर खराब होतं आणि ते हवेतला ओलावाही ओढतं. तेव्हा नळ्या त्याला टिकतील अशा घ्या आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने साठवू नका. रंग, चामडं, लाकूड, तबकड्या ह्यांना मात्र शक्यतो हात लावू नका.

२. पावसाळ्यात प्लास्टिकचं आवरण नको. आत घाम धरतो आणि गंज चढतो. सुती कापडाचं घाला. आत उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, हे आठवड्याला बघा.

३. पंधरा दिवसांतून एकदा इंजिन नीट तापेपर्यंत गाडी चालवा. दोन मिनिटं सुरू करून बंद केली तर आत पाणी धरतं. त्यापेक्षा न केलेली बरी.

४. मेकॅनिक जपून निवडा. आमच्या गाडीच्या इंजिनाच्या बोल्टांना पाना लागतो इंग्रजी मापाचा, आणि आटे आहेत मेट्रिक. घाईनं दुसराच बोल्ट पिळला की आटे गेलेच. आमचे भाग लालबागचे एक आजोबा लेथवर करून देतात. ते गिरणीत फिटर होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, पण हात राहिला. काढलेला जुना भाग ते फेकू देत नाहीत. आम्ही तो चिठ्ठी लावून डब्यात ठेवतो. चकल्यांचे रिकामे डबे ह्याला फार छान!

आणि सगळ्यात स्वस्त काम शेवटी सांगते. जुनं नोंदणीपुस्तक, बिलं, फोटो एका पेटीत गोळा करा. चासीचा आणि इंजिनाचा नंबर वहीत लिहा. गाडी कधी घेतली, कुणाकडून घेतली, काय काय बदललं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्यासमोरच उतरवून घ्या. मामंजी गेले तेव्हा आमच्याकडे निम्मीच माहिती कागदावर होती. उरलेली सासूबाईंच्या तोंडून मी अजून लिहून घेते आहे. वहीची सत्तावीस पानं झाली.