घरातली यंत्रं – भाग १७ : सोपा रिमोट, पण कोणाला सोपा?

३१ ऑक्टोबर २०१२च्या मध्यरात्री मुंबईत अ‍ॅनालॉग केबलची मुदत संपली. पुणे, नागपूर, नाशिक या शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही तारीख ठरली होती. तोपर्यंत केबलवाल्याची काळी वायर सरळ टीव्हीच्या पाठीत जायची आणि घरात एकच रिमोट असायचा. सेट टॉप बॉक्सबरोबर दुसरा रिमोट आला, मग साउंडबारचा तिसरा, आणि सिनेमे-मालिकांसाठी स्टिक लावली तिचा चौथा. साउंडबार कुठे ठेवायचा आणि कसा जोडायचा, ते आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. आज टीपॉयवरचे हे चार रिमोट आवरायचे आहेत. सगळ्यांना मिळून एकच रिमोट घ्यावा का, आणि घ्यायचा झाला तर कसा निवडावा?

दुकानात गेलात की तुम्हाला दोन आकडे ऐकवले जातील: हा रिमोट किती यंत्रं चालवतो आणि त्यावर किती बटणं आहेत. या दोन्ही आकड्यांवरून तो वापरायला सोपा आहे की नाही, हे कळत नाही. मी एकच प्रश्न विचारतो. दुपारी घरात एकटं कोण असतं? बहुतेक घरांत उत्तर असतं आई, सासूबाई, आजी किंवा निवृत्त वडील. रिमोट निवडतो घरातला सगळ्यात हौशी माणूस, आणि तो दिवसभर वापरावा लागतो अशा माणसाला, ज्याला या यंत्रांची काही हौस नाही. निवड त्या दुसऱ्या माणसाकडे बघून व्हायला हवी.

माणसं नेमकी अडतात कुठे? माझी मावशी नाशिकला राहते. तिच्याकडे मी हे नीट पाहिलं. चॅनल बदलणं, आवाज कमी-जास्त करणं तिला उत्तम जमतं, चॅनलचे नंबर तर तोंडपाठ. पण रात्री नातवंडं स्टिकवर सिनेमा बघून झोपली, की दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्ही लावल्यावर पडद्यावर स्टिकचं पान येतं. बॉक्सचं बटण दाबलं तरी पडदा तोच राहतो, कारण टीव्ही अजून स्टिकच्या जागेवरच बघत असतो. आपलं बटण नीट दाबलं गेलं नाही असं वाटून ती ते पुन्हा दाबते आणि चालू झालेला बॉक्स बंद होतो. मग कोणीतरी सोर्सचं बटण दाबायला सांगतं. ते दाबलं की पडद्यावर ‘नो सिग्नल’ येतं. आता दोन गोष्टी चुकीच्या जागी आहेत, आणि त्यातली कुठली आधी सुधारायची हे कळायला मार्ग नाही. शेवटी मुलगा ऑफिसातून येईपर्यंत टीव्ही बंद.

इथे मावशीची काहीच चूक नाही. अडचण यंत्रांच्या बोलण्याच्या पद्धतीत आहे. आपले बहुतेक रिमोट डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाने संदेश पाठवतात. हा प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याच्या तुकड्यांमध्ये बटणाचा संकेत भरलेला असतो. पण हे बोलणं एकतर्फी आहे. टीव्ही रिमोटला उलट काहीच सांगत नाही. आपण चालू आहोत की बंद, कोणत्या सोर्सवर आहोत, हे रिमोटला कधीच कळत नाही. त्यातच पॉवरचं बटण चालू आणि बंद या दोन्हींसाठी तोच एक संकेत पाठवतं. यंत्र बंद असेल तर चालू होतं, चालू असेल तर बंद.

आता ‘एका बटणात सगळं चालू’ असं लिहिलेला रिमोट घरी आणा. पहिल्या दिवशी तो झकास चालेल. दुसऱ्या दिवशी बॉक्स आधीपासून चालू राहिलेला असेल, तर त्याच बटणाने टीव्ही सुरू होईल आणि बॉक्स झोपी जाईल. म्हणजे जी गडबड चार रिमोटमध्ये पसरलेली होती, तीच आता एका बटणात आली. पुष्कळ टीव्हींना चालू आणि बंदसाठी वेगवेगळे संकेतही कळतात. कंपनीच्या रिमोटवर त्यांची बटणं मात्र नसतात. चांगल्या युनिव्हर्सल रिमोटच्या साठ्यात हे वेगळे संकेत असतात, आणि असा रिमोट घ्यायचं हे एक खरं कारण आहे. केबलच्या आणि डिशच्या बॉक्सबाबत तशी खात्री धरू नका.

या प्रश्नाशी मोठमोठ्यांनी झुंज घेतली आहे. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी १९८७ साली ‘कोअर’ नावाचा रिमोट काढला. दुसऱ्या रिमोटचे संकेत तो शिकायचा आणि ते एकापाठोपाठ एक पाठवायचा. ताकद अफाट होती, पण सामान्य घरात तो बसवून घेणं जड गेलं. पुढे ‘हार्मनी’ आला. २००४ साली लॉजिटेकने तो बनवणारी कंपनी विकत घेतली. त्यावर यंत्रांच्या नावांऐवजी कामांची नावं होती, ‘टीव्ही बघा’, ‘सिनेमा बघा’. कोणतं यंत्र आपण शेवटचं चालू केलं होतं ते तो स्वतः लक्षात ठेवायचा. मधलं एखादं यंत्र जागचं हललं नाही, तर ‘हेल्प’चं बटण दाबलं की तो एकेक गोष्ट विचारायचा. वापरायला सोपा म्हणावा असा इतका विचारपूर्वक केलेला रिमोट मला दुसरा माहीत नाही. एप्रिल २०२१ मध्ये लॉजिटेकने हे रिमोट बनवणं थांबवलं. तेव्हा कोणी जुना हार्मनी स्वस्तात देऊ केला, तर लक्षात ठेवा की त्याची सगळी मांडणी कंपनीच्या सर्व्हरवरून होते.

हार्मनीचं दुकान बसण्याचं एक कारण तुमच्या टीव्हीच्या मागेच आहे. यंत्रं जोडणाऱ्या एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाजाबरोबर आज्ञाही जाऊ शकतात. या सोयीचं नाव सीईसी. सॅमसंग तिला ‘एनीनेट प्लस’ म्हणते, एलजी ‘सिंपलिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’, पॅनासॉनिक ‘व्हिएरा लिंक’, फिलिप्स ‘इझीलिंक’. नावं वेगळी असल्यामुळे ही सगळी एकच गोष्ट आहे हे ग्राहकाला कळतच नाही, आणि मला ही कंपन्यांनी केलेली मोठी गैरसोय वाटते. पुष्कळ टीव्हींमध्ये ती सेटिंगमध्ये दडलेली आणि बंद ठेवलेली असते.

म्हणून काही विकत घेण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा. साउंडबारची एचडीएमआय केबल टीव्हीच्या ज्या जागेवर ‘एआरसी’ लिहिलं आहे तिथेच लावा, बाकीच्या जागांवरून टीव्हीचा आवाज साउंडबारकडे जात नाही. एवढं केलं की टीव्ही लावताच साउंडबार जागा होतो आणि टीव्हीच्याच रिमोटने त्याचा आवाज कमी-जास्त होतो. स्टिकच्या पानावरही टीव्हीच्या रिमोटचे बाण चालतात. चारातले दोन रिमोट इथेच कपाटात जातात, आणि एक रुपयाही खर्च होत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं असली की कधीकधी एखादं ऐकत नाही. तेव्हा सगळ्यांचे प्लग काढून पाच मिनिटांनी परत लावून बघा. केबलच्या आणि डिशच्या बॉक्सचा मात्र भरवसा नाही, त्यातले कितीतरी सीईसीला दाद देत नाहीत.

त्या बॉक्सवरही बहुधा घरातच तोडगा असतो. बॉक्सचा रिमोट नीट निरखून पाहा. पुष्कळांवर एका कोपऱ्यात ‘टीव्ही’ असं लिहिलेली चार-पाच बटणं वेगळ्या चौकटीत असतात: पॉवर, आवाज, सोर्स. ही बटणं टीव्हीच्या रिमोटकडून शिकतात. दोन्ही रिमोटची तोंडं समोरासमोर, दोन-तीन बोटांच्या अंतरावर टेबलावर ठेवायची, बॉक्सचा रिमोट शिकण्याच्या अवस्थेत न्यायचा, त्याच्यावरचं जे बटण शिकवायचं ते दाबायचं आणि मग टीव्हीच्या रिमोटवरचं तेच बटण. शिकण्याच्या अवस्थेत जाण्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी असते, ती बॉक्सच्या पुस्तिकेत मिळते. केबलवाल्याच्या मुलालाही ती येते. हे काम खिडकीतल्या उन्हात करू नका, उन्हातही इन्फ्रारेड असतं आणि शिकवणी बिघडते. सोर्सचं बटण शिकवायला विसरू नका. माणसं अडतात ती तिथेच.

सीईसी आणि हा शिकवलेला बॉक्सचा रिमोट, एवढ्यावर बहुसंख्य घरांचं भागतं. मावशीकडेही आम्ही हेच केलं.

तरीही नवा रिमोट घ्यायचाच असेल, तर आधी घरातल्या यंत्रांची नावं लिहून काढा आणि त्यातलं कोणतं इन्फ्रारेडवर चालत नाही ते तपासा. पैसे वाया जातात ते बहुतेकदा इथे. अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकला इन्फ्रारेड ऐकू येत नाही. तिचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथवर बोलतो, फक्त टीव्हीची पॉवर आणि आवाज तो इन्फ्रारेडने चालवतो. प्लेस्टेशन ४ आणि ५ यांनाही इन्फ्रारेड कळत नाही. दुकानदार कितीही म्हणाला की ‘हा सगळं चालवतो’, तरी साधा युनिव्हर्सल रिमोट या यंत्रांपुढे मुका आहे. ज्या टीव्हीच्या रिमोटवर माइकचं बटण आहे, त्याचं बोलून शोधणं साधारण ब्लूटूथवरूनच होतं, आणि तेही या रिमोटला जमणार नाही. आजी मालिकेचं नाव बोलून शोधत असतील, तर त्यांच्याकडून तो रिमोट काढून घेऊ नका.

एसी या रिमोटवर आणायचा मोह टाळा. एसीच्या रिमोटची पद्धत वेगळी आहे. प्रत्येक वेळी तो तापमान, पंख्याचा वेग, मोड असा सगळा मजकूर एकदम पाठवतो, आणि त्याचा छोटा पडदा हीच आपल्याला त्याची खबर असते. पडदा नसलेल्या रिमोटवरून एसी चालवणं म्हणजे अंदाजपंचे कारभार.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत दोन प्रकारचा माल मिळतो. एक म्हणजे तुमच्या हरवलेल्या रिमोटची हुबेहूब जोड. त्यात शिकवायचं काही नसतं, जुन्या रिमोटचा फोटो आणि टीव्हीचा मॉडेल नंबर नेला की काम होतं. दुसरा खरा युनिव्हर्सल. त्यातही काहींत कंपन्यांचे संकेत आधीच भरलेले असतात आणि तुम्ही तीन-चार आकडी कोड टाकता, तर काही तुमच्या रिमोटकडून शिकतात. मी शिकणाऱ्याच्या बाजूचा आहे. आपल्याकडे बॉक्सचे प्रकार इतके आहेत की भरलेल्या यादीत तुमचा नसण्याचीच शक्यता जास्त.

आता त्यावरची बटणं. वरच्या बाजूला ‘टीव्ही’, ‘एसटीबी’, ‘ऑक्स’ अशी मोड बदलणारी बटणं असतील, तर सावध व्हा. टीव्ही मोडमध्ये आवाजाचं बटण टीव्हीचा आवाज बदलतं, बॉक्स मोडमध्ये बॉक्सचा. आत्ता कुठला मोड चालू आहे, हे प्रत्येक वेळी माणसाने ध्यानात ठेवायचं. चार रिमोट होते तेव्हा निदान हातात कोणता आहे ते दिसत तरी होतं. आवाजाची बटणं कोणत्याही मोडमध्ये एकाच यंत्राला बांधून ठेवता येतात का, हे दुकानदाराला विचारा. येत नसतील तर तो रिमोट घेऊ नका. मोडच नसलेला, ज्याचं प्रत्येक बटण एकदाच शिकवायचं आणि मग ते तेच काम करणार, असा पंधरा-वीस मोठ्या बटणांचा रिमोट ज्येष्ठांसाठी सगळ्यात चांगला. आवाजाची आणि चॅनलची बटणं डोळे मिटून अंगठ्याला वेगळी लागली पाहिजेत. अक्षरं छापलेली आहेत की फक्त रंगवलेली, तेही बघा. रंगवलेली पुसून जातात.

दुकानात जाताना घरचे रिमोट सेलसकट न्या आणि तिथेच दोन बटणं शिकवून दाखवायला सांगा. मग सेल काढून परत घाला आणि शिकवलेलं टिकलं का ते पाहा, कारण काही स्वस्त रिमोट सेल बदलताच सगळं विसरतात. रिमोटमधून प्रकाश निघतो का, हे मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून दिसतं. बटण दाबताच पुढचा दिवा जांभळट लुकलुकताना दिसला, तर तो चालू आहे. घरी ‘बिघडलेला’ म्हणून ठेवून दिलेला रिमोटही याच युक्तीने आधी तपासा. पुष्कळदा फक्त सेल गेलेले असतात.

फोनमधल्या रिमोट अ‍ॅपबद्दलही विचारणा होते. शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये इन्फ्रारेडचा दिवा असतो आणि अडीअडचणीला तो छान उपयोगी पडतो. पण घरचा मुख्य रिमोट म्हणून फोन नको. तो त्याच्या मालकाबरोबर घराबाहेर जातो.

नवा रिमोट घरी शिकवून झाला की जुन्यांमधले सेल काढा आणि ते रिमोट एका डब्यात ठेवा. सेल आत राहिले तर गळतात आणि रिमोट कायमचा जातो. नवा हरवला, तर शिकवायला हेच लागणार आहेत. मग नवा रिमोट आईच्या हातात द्या आणि काही न सांगता बघत बसा. स्टिक चालू असताना टीव्ही बंद करा, आणि तिला तिची दुपारची मालिका लावू द्या. ती ‘नो सिग्नल’वर अडकली आणि स्वतः बाहेर आली, तर रिमोट ठेवा. नाही आली, तर बिल जपून ठेवलेलं असू द्या आणि रिमोट परत करा.

पुढच्या आठवड्यात : इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी. पाणी कधी भरायचं, किती आणि कोणतं.