नायटा, मलम आणि वांग्याचे भरीत

जळगाव-धुळ्याकडे अंगावर नायटा उठला की वडीलधारी मंडळी पहिली बंदी घालतात ती वांग्यावर. भरितासाठी नावाजलेल्या आपल्या खानदेशात ही शिक्षा मोठीच! परंतु नायटा ही बुरशी आहे. ती कातडीच्या वरच्या थरावर जगते. भरीत खाल्ल्याने ती वाढत नाही, की मलमाचा गुणही कमी होत नाही. ज्यास वांग्याने खरोखरच खाज सुटते, त्याने ते खुशाल सोडावे.

मलम वाया जाते ते आपल्या सवयींमुळे. केळीच्या बागेत भिजलेले कपडे दिवसभर अंगावर, घरात सर्वांना एकच टॉवेल, घामावरच मलम चोळणे, आणि खाज थांबली की चौथ्या दिवशी ट्यूब फळीवर! बुरशी तेथेच असते. अंग धुऊन, कोरडे करून, डागाच्या कडेबाहेर बोटभर मलम लावावे. डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावावे.

आम्हांला खरी धास्ती वाटते ती दुकानातून परस्पर आणलेल्या ट्यूबची. तीत बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असले तर खाज लगेच थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते. जांघेत कातडी पातळ होऊन कायमचे चरे पडतात. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. तेव्हा ट्यूबवरील नावे शाळेत जाणाऱ्या मुलांकडून वाचून घ्यावीत.

खाण्यापिण्याचा संबंध येतो तो पोटात घ्यायच्या गोळ्यांशी. ग्रिसिओफल्विनची गोळी तेलतुपाच्या जेवणाबरोबर अधिक अंगी लागते. तिच्यावर दारू घेतली तर तोंड लाल होऊन छाती धडधडू शकते.