कादंबरी वाचण्याआधी एक निबंध

कुठली कादंबरी वाचू, असं कुणी विचारलं की मी आधी समीक्षेचं पुस्तक सुचवतो: भालचंद्र नेमाड्यांचं ‘टीकास्वयंवर’. त्यातला कादंबरीवरचा दीर्घ निबंध वाचून मी थक्क झालो होतो. मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती नेमाडे सांगतात, आणि तिन्हींची मुळं पहिल्या पंधरा वर्षांतच दाखवतात.

पहिली प्रवृत्ती वास्तववादी, तिचं मूळ ‘यमुनापर्यटन’, १८५७ ची. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. पुढच्याच वर्षी बाबा पदमनजींची ही कादंबरी आली. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते. वाटेत विधवा भेटत जातात, यमुना त्यांची दुःखं ऐकत जाते. आणि मग तिचाच नवरा जातो. इतका वेळ ऐकणारी बाई आता त्याच बायकांतली एक होते! पदमनजी ख्रिस्ती झालेले. उपदेशाची पानं आज जड जातात, ती खुशाल चाळावीत. पण कादंबरी हा प्रकार मराठीत नुकता येतोय आणि पहिल्याच फटक्यात घराघरातल्या दुःखाला हात घालतोय, हे धाडस केवढं!

हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) कल्पनारम्य, गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) ऐतिहासिक. या दोन्ही अभ्यासकांनी वाचाव्यात. बाकीच्यांना ओळख पुरे.

यमुनेची वाट मात्र सोडू नका. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. पुढं उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०): त्यातली कौतिक वऱ्हाडीत बोलते, आणि ते संवाद मोठ्यानं वाचले की गरिबीशी झुंजणारी ती बाई समोर उभी राहते. मग खुद्द नेमाड्यांची ‘कोसला’. १९६३ मध्ये ती आली तेव्हा ते पंचविशीत होते. त्यात नायकाची लहान बहीण मनू जाते, तो भाग सावकाश वाचावा.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) सगळ्यांत शेवटी घ्या. युरोपातून मुंबईकडं निघालेली बोट, तीवर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून पळालेले ज्यू, आणि चक्रधर-हॅर्टाचं प्रेम. ही कुठल्या प्रवृत्तीत बसते, यावर वाद घालता येईल. मी तिला यमुनेच्याच वाटेवर ठेवतो: इथंही प्रवास आहे, आणि सहप्रवाशांचं दुःख ऐकणारा माणूस त्यातून कोरडा सुटत नाही.